गार्डन रूमभोवती डेक करावा की फरशी? (माती चिकण, खोली तयार, आई मे महिन्यात येणार)

खिडकीतली_चिमणी

नमस्कार मंडळी.

तीन वर्षं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून काम केलं. यंदा हिय्या करून इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या आमच्या बागेच्या टोकाला एक खोली उभी केली. चार मीटर बाय तीन मीटर, लाकडी सांगाडा, पुढे सरकतं काचेचं दार. खोली झाली झकास, पण तिच्यासमोर रणांगण आहे. हिरवळीचा पार चिखल झालाय. सकाळी चहाचा कप घेऊन घरातून खोलीत पोचेपर्यंत एकेक चप्पल दीड किलोची होते.

तर समोर साधारण वीस चौरस मीटर जागा आहे आणि दोन माणसं येऊन बघून गेली आहेत. पहिला डेकवाला, म्हणजे फळ्यांचा ओटा करणारा. कॉम्पोझिटच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या) फळ्या, ३९०० पौंड. म्हणाला, "दगड घातलास तर हिवाळ्यात बर्फाच्या मैदानावरून ऑफिसला जाशील." दुसरा फरशीवाला. पोर्सेलिन, ४६०० पौंड. म्हणाला, "डेक म्हणजे उंदरांना फुकट घर." दोघंही दुसऱ्याच्या मालाबद्दल बोलतात तेव्हा मला शंभर टक्के पटतात.

उपयोगी पडेल ती माहिती: माती चिकण, उन्हाळ्यात भेगा पडतात. खोली काँक्रीटवर नाही, जमिनीत पिळलेल्या लोखंडी स्क्रूंवर आहे. आतली जमीन गवतापासून ३८ सें.मी. वर. बाग दक्षिणेकडे आहे, म्हणजे टोकाच्या या खोलीचं तोंड उत्तरेला, घराकडे. डाव्या कोपऱ्यात शेजाऱ्यांचा ओक आहे. बुंधा कुंपणापलीकडे, पण मुळांना कुंपण कोण सांगणार. आई मे महिन्यात येतेय, तिचे गुडघे दुखतात. फोटो पाहून तिचा एकच प्रश्न होता, "खोली छान आहे गं, पण अंगण कुठंय?"

काय करू?

खारीबिस्कीट

आधी खोली, मग अंगण. पुढच्या धाग्यात विहीर आणि बैलजोडी येणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लेस्टरची_लेक

चिमणे, लाकडी डेकचा अनुभव माझ्याकडे भरपूर आहे, तो ऐक. आम्ही साध्या पाइनचा केला होता, खाचांच्या फळ्यांचा, कारण दुकानात सांगितलं की खाचांमुळे पाय घसरत नाही. झालं असं की खाचांत माती बसली, मातीवर शेवाळ आलं, आणि तिसऱ्या नोव्हेंबरात नवरा कचऱ्याची पिशवी घेऊन जो आडवा झाला तो मनगटाला प्लास्टर घालूनच उठला. आमचाही डेक उत्तरेच्या बाजूला होता. ऑक्टोबर ते मार्च तो कधी वाळलाच नाही.

सातव्या वर्षी एक फळी पायाखाली मोडली. उपटून पाहिलं तर वरच्या फळ्या बऱ्या, खालच्या वाशांची टोकं मात्र केकसारखी. आमच्या माणसाने (नाव घेत नाही) वासे थेट मातीवर टेकवले होते आणि कापलेल्या टोकांना औषध लावलंच नव्हतं. कारखान्यात दाबाने मुरवलेलं औषध लाकडाच्या गाभ्यापर्यंत जात नाही, बाहेरच्या थरातच राहतं. करवत चालवली की औषध न पोचलेलं लाकूड उघडं पडतं. तिथे ब्रशने औषध लावणं हे दोन मिनिटांचं काम.

आणि कॉम्पोझिट कुजत नाही हे खरं, पण त्याच्या खालचा सांगाडा बहुतेक वेळा लाकडाचाच असतो! "पंचवीस वर्षं बघायला नको" हे फळीबद्दल असतं. वाशांचं काय, ते विचार. जमिनीला टेकणारं लाकूड यूसी-४ वर्गाचंच मागून घे. कुंपणाच्या खांबांना वापरतात तेच.

आणखी एक: गडद रंगाचं कॉम्पोझिट उन्हात तापतं. २०२२च्या जुलैत पारा चाळिशीपार गेला तेव्हा मैत्रिणीच्या डेकवर मुलं अनवाणी उभी राहू शकत नव्हती.

ओळंबा

मी नाशिकचा, निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. मुलीकडे मँचेस्टरला दोन वर्षं काढली, तिच्या अंगणाच्या कामावर रोज खुर्ची टाकून बसायचो. त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

चिमणीताई, तुम्ही लाकूड की दगड असं विचारताय. मी आधी ऊन कुठे पडतं ते विचारतो. तुमचा अक्षांश ५२. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेचौदा अंशांवर असतो. खोलीची उंची अडीच मीटर धरली तर तिची सावली उत्तरेकडे साडेनऊ मीटर पडेल. म्हणजे सगळा हिवाळा खोलीसमोरची तुमची सगळी जागा खोलीच्याच सावलीत. जूनमध्ये तीच सावली दुपारी सव्वा ते दीड मीटर. म्हणून दाराला लागून असलेला दीड मीटरचा पट्टा कायमचा ओलसर समजा आणि त्यापुढचा भाग उन्हाळी बसायचा. दोन्हींना एकच साहित्य लावायला हवं असं कोणी सांगितलं?

आता फरशी. खोलीचा लाकडी सांगाडा कोरडा राहायचा तर बाहेरची फरशी आतल्या जोत्यापेक्षा निदान १५ सें.मी. खाली हवी. पावसाचे थेंब फरशीवर आपटून भिंतीवर उडतात. १५ सें.मी.च्या वर सहसा पोचत नाहीत, म्हणून हा आकडा. तुमचं जोतं ३८ सें.मी. आहे, तेव्हा ही चिंता नाही. पण फरशीवाला "दारापर्यंत सपाट करून देतो" म्हणून भराव घालायला लागला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. स्क्रूंवरच्या खोलीखालून वारा खेळला पाहिजे. भराव घातलात की ती हवा कोंडली.

ढाळ खोलीपासून लांब, ऐंशीला एक. आपल्या गवंड्याच्या भाषेत दहा फुटांना दीड इंच. चिकणमातीवर खाली १०० मि.मी. खडी, दाबून, दोन थरांत. फरशीच्या संपूर्ण पाठीला माल लागला पाहिजे. आणि पोर्सेलिन असेल तर पाठीला आधी प्रायमरचा हात. ती फरशी पाणी पीत नाही (अर्ध्या टक्क्याहून कमी), त्यामुळे नुसता सिमेंटचा माल तिला धरत नाही. हे न करणारे पुष्कळ आहेत.

दीडशहाणा

काकांच्या शेवटच्या ओळीला +१००. आमच्या माणसाने प्रत्येक फरशीखाली मालाचे पाच गोळे ठेवले, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. इडलीपात्रात पीठ घालावं तसे. दिसायला फर्स्ट क्लास. पहिल्या हिवाळ्यात पोकळीत पाणी साठलं, गोठलं, फुगलं. आता चालताना टक-टक वाजतं. कुठली फरशी कुठला सूर काढते हे मुलाला पाठ आहे.

काम चालू असताना एक फरशी उचलून दाखव म्हणायचं. खरा कारागीर रागावत नाही.

मुकादम

इथे घरांचे नकाशे काढून पोट भरतो, म्हणून नियमांचं मी सांगतो. हे इंग्लंडपुरतं.

डेक जमिनीपासून ३० सें.मी.हून उंच झाला तर नियोजन परवानगी लागते. तुमचं जोतं ३८ आहे. दाराशी सपाट मिळवायला गेलात तर डेक साधारण ३६ वर येईल, म्हणजे नियमाबाहेर. डेकवाल्याने हे सांगितलं नसेल तर नवल नाही. एक पायरी खाली घ्या, १७ सें.मी. मग डेक २१ वर येतो, कायदाही सांभाळला जातो आणि पावसाचं पाणी दाराच्या चॅनेलपर्यंत चढतही नाही.

शिवाय मूळ घराभोवतालच्या जमिनीपैकी निम्म्याहून जास्त जागा वाढीव बांधकाम, शेड, खोल्या यांनी व्यापता येत नाही. उंच डेकही त्यात मोजतात. मिल्टन कीन्सच्या बागेत बहुधा अडचण येणार नाही, पण मोजून ठेवा. पाणी न झिरपणाऱ्या फरशीला पाच चौरस मीटरची मर्यादा असते असं कोणी सांगेल, तो नियम घरासमोरच्या बागेचा आहे, मागच्या नाही.

ओकबद्दल: फरशीसाठी वीतभर तरी खणावं लागेल, आणि झाडाची अन्न शोषणारी मुळं बरीचशी त्याच वरच्या थरात असतात. त्या कोपऱ्यात खणू नका. तिथे डेकच बरा, चार स्क्रू आणि वर फळ्या.

पाखाडी

दापोलीहून लिहितोय. आमच्या होमस्टेला समुद्राकडे तोंड करून हौसेने लाकडी डेक केला होता, ऐनाच्या फळ्यांचा. पहिलं वर्ष पाहुण्यांचे फोटोच फोटो. आमच्याकडे चार महिन्यांत साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, मग आठ महिने कडक ऊन. फुगणं आणि तडकणं, फुगणं आणि तडकणं. जे उरलं ते वाळवीने नेलं. आता तिथे जांभ्याची पाखाडी आहे आणि पाहुणे तिचेही फोटो काढतात.

तुमच्याकडे वर्षाला सहा-साडेसहाशे मिलिमीटर पडतो असं ऐकतो. आमच्या जुलैच्या एका आठवड्यात कधीकधी तेवढा होतो. पण ताई, पाऊस किती पडतो याला फार महत्त्व नाही. पडलेलं वाळतं कधी ते बघा. तुमच्याकडे वाळतच नाही.

म्हणून माझा वेगळाच प्रश्न. तुमच्या खोलीच्या छपराचं पाणी कुठे जातं? पन्हळ आहे का? असेल तर तिचा पाइप कुठे सोडलाय? आमच्याकडे अंगण चोपायला घेण्याआधी म्हातारी माणसं पागोळ्या कुठे पडतात ते बघून घ्यायची.

खिडकीतली_चिमणी

पाखाडीदादा, तुमचा प्रश्न वाचून रेनकोट घालून बाहेर गेले. पन्हळ आहे. पाइपही आहे. डाव्या कोपऱ्यात येतो आणि जमिनीपासून फूटभर वर संपतो. हवेतच. त्याखाली एक खड्डा झालाय आणि चिखलाचा ओघळ तिथूनच थेट माझ्या पायवाटेवर येतो.

मी इतके दिवस कामगारांच्या बुटांना शिव्या देत होते.

ओळंबा

हात जोडले पाखाडीसाहेबांना. मी सावल्या मोजत बसलो आणि मुद्दा तुम्ही उचललात.

हिशेब करा. छप्पर वळचणीसकट १५ चौरस मीटर धरू. दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे दीडशे लिटर पाणी, एका कोपऱ्यात, चिकणमातीवर. त्या मातीत ते मुरत नाही, पसरतं. यावर तुम्ही डेक टाकलात तर खाली दलदल झाकली जाईल, फरशी टाकलीत तर खडीच्या थरात तळं होईल. आधी पिंप ठेवा, दोनशे लिटरचं. ते भरलं की वरचं पाणी पाइपने लांब, झाडोऱ्याकडे. शोषखड्डा करायचा विचार असेल तर इमारतीपासून निदान पाच मीटरवर, आणि आधी खड्डा भरून बघा पाणी किती वेळात उतरतं ते. चिकणमातीत तासन्‌तास तसंच उभं राहिलं तर पैसे घालू नका.

खारीबिस्कीट

धाग्याचं शीर्षक बदला: "गार्डन रूमचा पाइप कुठे सोडावा?"

अवांतर: आमच्या शेजाऱ्यांच्या डेकखाली मार्चमध्ये कोल्हीण व्याली. चार पिल्लं. शेजारीण हळवी, तिने मे महिन्यापर्यंत डेकवर पाऊल टाकलं नाही. तीन हजार पौंडांचा डेक कोल्ह्यांना बाळंतपणाला दिला.

लेस्टरची_लेक

हसू नका, उंदरांचं खरंच होतं. डेकच्या कडेने बारीक भोकांची जस्ताची जाळी लावायची, खाली मातीत वीतभर पुरायची आणि बाहेरच्या अंगाला वळवायची, म्हणजे उकरत आला की जाळीलाच लागतो. वारा जातो, उंदीर जात नाही. हे आधी करायचं असतं, फळ्या ठोकल्यावर नाही.

आणि एक फळी उघडता येईल अशी ठेव. छुप्या क्लिपा दिसायला छान, पण खाली काही पडलं तर अख्खी ओळ काढावी लागते.

अबोली_७

कोणी अजून वाळूच्या दगडाबद्दल बोललं नाही, म्हणून. पोर्सेलिनपेक्षा स्वस्त पडतो आणि इथल्या प्रत्येक दुकानात "इंडियन सँडस्टोन" म्हणून मिळतो. आम्ही "कंडला ग्रे" घेतला. नवऱ्याने अभिमानाने सांगितलं, गुजरातचा दगड. मग कळलं की कंडला हे नुसतं बंदराचं नाव, दगड राजस्थानातला, बुंदी-भिलवाड्याकडचा. ज्या बंदरातून निघाला त्याचं नाव लागलं. सासरच्या आडनावासारखं.

दगड सुंदर आहे, पण सावलीत दोन वर्षांत काळे ठिपके आले. ती नुसती बुरशी नव्हे, दगडफूल. दगडाच्या आत मुळं धरतं. प्रेशर वॉशरने जात नाही, क्लोरीनचं द्रावण लावून तासभर ठेवावं लागतं. चिमणीची जागा उत्तरेची, तेव्हा दगड नको असं माझं मत.

आणि काळी फरशी म्हणून जी विकतात ती पाहून भुलू नकोस. तो आपला कडप्पा, चुनखडीचा दगड. आजीच्या ओट्यावर तेलाचा हात मिळायचा म्हणून काळा राहायचा. इथल्या पावसात दोन वर्षांत राखी, पट्ट्यापट्ट्यांचा होतो.

मुकादम

राजस्थानी दगड घेणारच असाल तर पुरवठादाराला खाणीचं नाव विचारा. बुंदीकडचं बुधपुरा लहान मुलांकडून चौकोनी दगड घडवून घेण्यासाठी बदनाम झालेलं आहे, आणि दगडाच्या धुळीने फुप्फुसं जातात ते कामगार तिथे इतके आहेत की राजस्थान सरकारला २०१९ मध्ये सिलिकोसिससाठी वेगळं धोरण आणावं लागलं. "विचारून सांगतो" म्हणणारा परत फोन करत नाही, असा माझा अनुभव. जो कागद दाखवतो त्याच्याकडून घ्या.

दीडशहाणा

मग आपला जांभाच मागवा की दापोलीहून! कंटेनरभर चिरे. कोकणची आठवण, आईही खूश.

पाखाडी

धंदा कोणाला नको, पण नाही पाठवणार. चिरा स्पंजासारखा पाणी पितो. आमच्याकडे ते चालतं कारण इथे पाणी गोठत नाही. पाण्याचा बर्फ झाला की तो नऊ टक्के फुगतो. तुमच्या दोन हिवाळ्यांत चिऱ्याचा चुरा होईल आणि तुम्ही माझ्या नावाने धागा काढाल.

खिडकीतली_चिमणी

सगळ्यांचं वाचून काल आईशी बोलले. ती म्हणाली डेक कर, लाकूड पायाला गार लागत नाही. मी हो म्हटलं. मग म्हणाली, "पण दिवाळीत रांगोळी कुठे काढायची? फटींतून खाली जाईल ना सगळी." फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवावीच लागते. हा मुद्दा दोन्ही कोटेशनांत नव्हता.

तर ठरलंय असं. दारासमोर चार मीटर लांब, दीड मीटर रुंद डेक, एक पायरी खाली, तोच डावीकडे ओकच्या कोपऱ्यापर्यंत नेलाय. तिथे खणायचं नाही. त्याच्या पुढे उजवीकडे, जिथे एप्रिलपासून ऊन येतं, तीन बाय तीनची फरशी. पोर्सेलिन, खरखरीत, न घसरण्याच्या मापात आर-११ प्रतीची. तिथून घरापर्यंत त्याच फरशीची पायवाट. डेकवरून फरशीवर उतरताना २१ सें.मी. होत होते, ते आईला जड जातील म्हणून मध्ये एक रुंद पायरी आणि एका बाजूला कठडा. आणि हे सगळं सुरू करायच्या आधी पिंप. दोन माणसं, दोन कामं, त्यामुळे खर्च थोडा वाढला, ५१०० झाला. नवऱ्याला अजून ४९०० सांगितलंय.

ओळंबा

उत्तम. फरशी झाली की पैसे देण्यापूर्वी तांब्याभर पाणी मधोमध ओता आणि उभ्या राहा. लेव्हल दाखवणारा माणूस खोटं बोलू शकतो, पाणी नाही. सांधे भरून झाल्यावर बघू म्हणाला तर ऐकू नका, आधीच बघा.

खिडकीतली_चिमणी (अडीच महिन्यांनी)

धागा वर काढते. काम झालं. आईही आली.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला तांब्याचं सांगितलं तर तिने बादलीच आणली. पाणी गवताकडे नीट गेलं. एका कोपऱ्यात मात्र ताटलीएवढं डबकं राहतं. फरशीवाल्याला दाखवलं, त्याने दोन फरश्या उचलून पुन्हा बसवल्या. काका, उचललेल्या फरशीच्या पाठीला माल पूर्ण होता, मी बोट लावून बघितलं. तो रागावला नाही.

पिंप पहिल्याच पावसात भरलं. चिखलाचा ओघळ बंद. एकदा वाटलं, एवढं एक पिंप ठेवून हिरवळ पुन्हा पेरली असती तरी पायवाटेचं निम्मं काम झालं असतं. हे नवऱ्याला सांगायचं नाही.

डेकवर सकाळी अजून ओल असते. शेवाळ आलं तर ताठ केसांच्या ब्रशने घासायचं ठरवलंय.

पाखाडी

फोटो?

खिडकीतली_चिमणी

टाकते दादा, आधी आईच्या उजव्या कानातली कुडी फटीतून खाली गेलीय ती काढायची आहे. लेस्टरच्या लेकीचं ऐकून एक फळी उघडी होणारी ठेवली होती. कुठली, ते आता आठवत नाहीये. चौथी काढून झाली.